विहिरीचा वाटा

मु. होळी, वसई
रविवार, ८ मार्च १९५९

प्रिय नरहरी,

सेबॅस्टियनचा नमस्कार. सावित्रीवहिनींना आमच्या मंडळींचा, क्लेमेंटीनचाही सांगावा.

मी घाबरलोय. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी केळीचे भाव आणि हवापाणी लिहायला लागलो तर तुला कळेल की मी टाळाटाळ करतोय.

तुझं मागच्या आठवड्याचं पत्र मिळालं. नंदुरबारला मोहाची फुलं पडायला लागली आहेत, बायका पहाटे टोपल्या भरून नेतात आणि वास थेट तुझ्या तिकिटाच्या खिडकीपर्यंत येतो, असं तू लिहिलंस आणि लगेच पुढच्या ओळीत माझ्या बैलाची खुशाली विचारलीस. बैल बरा आहे. पण मला ते पत्र आवडलं नाही. आपण दोघं जुने चोर आहोत, कुठल्या ओळीनंतर माणूस विषय बदलतो ते मला चांगलं कळतं. खिडकी बंद करून बसत जा. उकडलं तर उकडलं.

मी तुला शहाणपण शिकवतोय म्हणून हसू नकोस. इस्पितळात मी खाटेला बांधलेला असताना, भिंतीवरून खेकडे चालतायत म्हणून ओरडत असताना, तू पेजेची वाटी घेऊन माझ्याजवळ येऊन बसलास. ओळख ना पाळख. मी तुला शिव्या दिल्या. तू म्हणालास, "दे. मी काही तुझ्यासाठी आलेलो नाही, माझ्यासाठी आलोय. इथं बसलो नाही तर मी खाली जाऊन पिईन." त्या वेळी मला वाटलं, हा माझ्याहून वेडा दिसतो. नंतर त्या दारू सोडलेल्या गोऱ्या साहेबाच्या शनिवारच्या बैठकीत कळलं की तोच त्याच्या पुस्तकातला कायदा आहे. पहिला घोट घ्यायचा नाही, आपल्याहून मोठी जी कोणी शक्ती असेल तिच्या हाती स्वतःला सोपवायचं, आणि दुसऱ्या बेवड्याच्या हाकेला धावून जायचं. तुझा मारुती चालतो, माझा येशू चालतो, साहेबाचा देव कोणता ते त्या बोटीवरच्या इंजिनियरालाच ठाऊक. पण साहेब विलायतेला गेला, बैठक मोडली, तुझी बदली झाली. आता बैठक म्हणजे तू, मी आणि टपालखातं. दर रविवारी तू एक पत्र लिहायचं, मी एक लिहायचं. त्यावर माझं चाललंय. खरं सांगतो, नुसत्या तेर्सेवर, जपमाळेवर चाललं नसतं.

आता भीती कशाची ते सांगतो. माझी बहीण इनेझ, तिच्या फ्लॉसीचं लग्न ठरलं. आमच्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतर, १९ एप्रिलला. मुलगा सांडोर गावचा, शाळेत मास्तर आहे. आनंदाची गोष्ट. पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, त्या पाण्याने नवरीची अंघोळ होते. विहिरीकडून फुकट काही घ्यायचं नसतं. तिचा वाटा तिला द्यावा लागतो. म्हणून पुढे नवरीचा मामा चालतो आणि मामाच्या हातात बाटली असते. तो विहिरीत थोडी ओततो, एक घोट स्वतः घेतो आणि मग बायका हंडे भरतात. बापजाद्यांपासून चालत आलंय. सरकारने दारूबंदी केली तरी ही बाटली काही बंद झाली नाही, फक्त लुगड्याखाली गेली.

फ्लॉसीचा मामा मी एकच आहे.

तू काय केलं असतंस ते लिही. लवकर लिही.

तुझा,
सेबॅस्टियन


होळी
रविवार, २९ मार्च, पास्काचा सण

प्रिय नरहरी,

तुझं पत्र नाही. मागच्या रविवारचं नाही, त्याच्या आधीचंही नाही. पोस्टमनला मी रस्त्यात अडवून विचारलं. तो म्हणाला, "बाबा, मी काय पत्रं खातो का?" तुला रजा नसेल, गाड्यांची गर्दी असेल. लग्नसराई आहे, लोक तिकिटं काढतच असणार. मी असंच स्वतःला समजावतोय.

मी इनेझकडे गेलो होतो. म्हटलं, बाटली दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दे. ती चुलीशी होती. तिने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "बस्त्याव, तू पीत होता तवा माझ्या दारात येऊन पडत होता. मी कवा दार लावलं? आता तू शुद्धीत हाय, आन माझ्या पोरीच्या पुढं चालनार नाय?" आणि रडायला लागली. तिचंही खरं आहे. मामा पुढे चालला नाही तर सांडोरची माणसं विचारणारच की घरात काय बिघडलंय. मी कशाला नाही म्हणतोय ते तिला समजत नाही. तिला वाटतं, एका घोटाने काय होतं. सगळ्यांनाच तसं वाटतं. एका घोटाने काय होतं ते फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तिचा नवरा बॅप्टिस्ट खाटेवर पडून ऐकत होता. त्याला तू ओळखत नाहीस, पण असा एक भावोजी प्रत्येक घरात असतो. स्वतः बागेत केळीच्या खुंटांमागे डबा पुरून दारू गाळतो आणि रविवारी देवळात मिस्साला पहिल्या बाकावर बसतो. तो म्हणाला, "ओठाला लाव आन थुक. कोन बघते?" म्हटलं, "भावोजी, ओठाला लावली तर मी थुंकणार नाही." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

क्लेमेंटीनने तोड काढली होती. बाटलीत पाणी भरायचं, रंगाला थोडी चहाची पत्ती. मला वाटलं सुटलो. पण बॅप्टिस्टला कुठूनसा वास लागला, की वास न लागल्याचा वास लागला म्हण. अंगणात उभा राहून ओरडला, "इहिरीला पानी पाजते का कोन? तिच्याकडनं पानी घ्याचा आन तिलाच पानी द्याचा? पोरीच्या संसाराला बाधा येल!" म्हाताऱ्या जमल्या. झालं. आता बाटली तोच भरणार, आपल्या हाताने, पहिल्या धारेची.

फादरांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना कर आणि मोह देवाला अर्पण कर. वर हेही म्हणाले की त्या साहेबाच्या पुस्तकात मिस्सा नाही, पाप नाही, पुरोहित नाही, तेव्हा जपून राहा. मी म्हटलं, फादर, मी सगळीकडूनच जपून आहे. जपून जपून माझी मान अवघडली आहे.

काल बागेत पाण्याचे पाट वळवताना माझ्या हाताला कंप सुटला. तोच जुना कंप. काहीही न पिता. मी फावडं टाकून तिथेच चिखलात बसलो आणि तुझं नाव घेतलं. देवाचं घ्यायला हवं होतं, पण तोंडात तुझंच आलं.

दोन ओळी तरी टाक. बरं नसेल तर वहिनींकडून लिहून घे.

तुझा,
सेबॅस्टियन


होळी
सोमवार, २० एप्रिल

प्रिय नरहरी,

लग्न झालं. मी प्यायलो नाही. पण जे केलं ते ऐकून तू कपाळावर हात मारशील, म्हणून नीट सांगतो.

शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर वाजंत्री आली. बायका लाल लुगडी नेसून, डोक्यावर हंडे घेऊन तयार. बॅप्टिस्टने बाटली माझ्या हातात दिली आणि वरून फडकं टाकलं. बाटली कोमट होती. माझ्या हाताला ती लगेच ओळखू आली. नरहरी, इतकी वर्षं ज्या हातात नांगर धरला, पोरं धरली, जपमाळ धरली, त्या हाताने यातलं काहीसुद्धा इतक्या पटकन ओळखलं नव्हतं.

आम्ही निघालो. मी पुढे, मागे फ्लॉसी, तिच्या मागे बायका गाणी म्हणत. विहीर लांब नाही. तुला सांगितलं होतं ना, बागेतल्या विहिरींचं पाणी मचूळ, ते फक्त केळींना. माझ्या आणि इनेझच्या घरामध्ये एक गोड्या पाण्याची विहीर आहे, तिच्यावर दोन्ही घरं पाणी पितात. तिथपर्यंत मी मनात आपल्या पुस्तकातलं म्हणत होतो, हे माझ्याच्याने होत नाही, हे तू घे. कोणी घेत नव्हतं. बाटली माझ्याच हातात होती.

कठड्याशी पोचलो. वाजंत्री थांबली. मी बूच काढलं. वास आला.

मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. मला रडू आलं, इतका तो चांगला वास होता.

रीत अशी की थोडीशी ओतायची, बोटभर. मी बाटली तिरकी केली, पहिली धार पाण्यावर पडल्याचा आवाज आला, आणि मला कळून चुकलं की बाटली सरळ केली तर उरलेली माझी आहे. सगळे बघतायत, हात तोंडाकडे न्यायला हक्क आहे, उलट न नेला तर अपमान आहे. मग मी बाटली सरळ केलीच नाही. तशीच धरून ठेवली. बुडबुड बुडबुड करत सगळी गेली. खाली शेवटचा थेंब पडेपर्यंत मी हात हलवला नाही, आणि मग बाटलीही सोडून देणार होतो, पण क्लेमेंटीनने मागून येऊन ती काढून घेतली.

मग पाठीमागून कोणी म्हातारी म्हणाली, "मामाने इहिरीला सगलीच पाजली गो!" आणि हसण्याचा असा लोट उठला की वाजंत्रीवालेसुद्धा सनई फुंकेनात. बॅप्टिस्ट लाल झाला होता. इनेझ हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही. फ्लॉसीने मात्र पुढे येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "मामा, चला, माझ्या अंघोलीला उशीर होते." त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

लग्नात दिवसभर थट्टा चालली. विहीर झिंगली, विहीर आज कोणाचं ऐकणार नाही, विहिरीला फौजदार पकडून नेणार. मीही हसलो.

पण घरी आल्यावर क्लेमेंटीनने तांब्याभर पाणी पुढे केलं आणि माझा हात पुढे जाईना. पाणी त्याच विहिरीचं होतं. मी म्हटलं, यात ती आहे. क्लेमेंटीन म्हणाली, "एवढ्या मोठ्या विहिरीत एक बाटली. असून किती असणार?" मला मान्य आहे. मी अडाणी नाही, सातवी शिकलोय. पण साहेब म्हणायचा, थेंबसुद्धा नाही. तो थेंब म्हणाला होता, किती पाण्यात ते सांगितलं नव्हतं. तो आता विलायतेत आहे आणि तू उत्तर देत नाहीस. मी विचारू कोणाला?

काल लग्नाच्या जेवणात सगळे पाणी प्यायले, मी तहानलेलाच उठलो. आज सकाळपासून क्लेमेंटीन देवळाच्या विहिरीवरून माझ्यापुरती कळशी भरून आणते. आख्खी आळी बघते. आपल्याच दारात गोडी विहीर असताना ती उन्हातून कळशी आणते आणि एका शब्दाने बोलत नाही. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

थेंबाचं काय ते लिही. नुसतं हो किंवा नाही लिही.

तुझा,
सेबॅस्टियन


होळी
रविवार, ३ मे

नरहरी,

सावित्रीवहिनींचं कार्ड आलं. चार ओळी. "यांची प्रकृती ठीक नाही. कामावर जात नाहीत. आपली पत्रं येतात, पण हे उघडत नाहीत, देवळीत तशीच ठेवली आहेत. आपण उगाच तसदी घेऊ नये." अक्षर सुबक आहे, पण शेवटच्या ओळीत शाई पसरली आहे.

प्रकृती ठीक नाही म्हणजे काय ते मला दुसऱ्याने सांगायला नको. आमच्याही घरून बारा वर्षं हेच कळवलं जात होतं.

म्हणजे तू हे वाचणार नाहीस. मग मला काही लपवायचं कारण उरलं नाही.

पहिली गोष्ट, मी तुझ्यावर चिडलोय. इतका की कार्ड वाचून मी ते चुरगाळलं आणि मग परत सरळ केलं. तू पडलास तर मी कशाला धरू? मी पोहणारा माणूस नाही, मी तुझ्या खांद्याला धरून तरंगत होतो. तू मारुतीचा माणूस, पहाटे उठून गार पाण्याने अंघोळ करणारा, पुस्तकातली पानं मला मराठीत समजावून सांगणारा. तुझ्यासारख्याला मोहाच्या फुलांनी खेचून नेलं, तर मी कोण? हे सगळं खोटंच होतं का? साहेब खोटा, पुस्तक खोटं, आणि खरी फक्त ती कोमट बाटली? रात्रंदिवस हेच डोक्यात चालू आहे.

दुसरी गोष्ट. ही मी क्लेमेंटीनलाही सांगितलेली नाही. लग्नानंतरच्या गुरुवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी विहिरीवर गेलो, पोहरा सोडला, वर काढला आणि पाण्याला नाक लावलं. मी स्वतःला सांगितलं की खात्री करून घेतोय. वास नव्हता. शेवाळाचा आणि दोराचा होता, तिचा नव्हता. आणि नरहरी, मला वाईट वाटलं. वास नाही म्हणून मला वाईट वाटलं. मी पोहरा तसाच टाकून घरात पळत आलो आणि आतून कडी लावली. कोण मागे लागलं होतं? कोणी नाही. मीच.

म्हणून मी त्या विहिरीचं पाणी पीत नाही. पाण्यात ती असेल या भीतीने नव्हे. नसेल तर मला काय वाटेल, या भीतीने.

पोस्टमनकडून कार्डाची बातमी कळून बॅप्टिस्ट काल कुंपणाशी आला होता. अजून रुसलाय, पण रुसवा काढायला एक बाटली कमरेला होती. म्हणाला, "तुझा तो भट मित्र पन पडला म्हने. आता कोनासाठी उपास करते?" तू भट नाहीस, बोळिंजच्या बागायतदाराचा मुलगा आहेस, हे त्याला सांगायचंही मला सुचलं नाही. तो गेल्यावर मी कुंपणाची काटेरी फांदी मुठीत किती वेळ धरून उभा होतो ते हातावर दिसतंय. तेवढा वेळ मी त्याला हाक मारली नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर मारली असती.

संध्याकाळी क्लेमेंटीनने कार्ड वाचलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघा. ती म्हणाली, "कधी निघायचं?"

मी म्हटलं, केळीचे लोंगर उतरवायचे आहेत. ती म्हणाली, इनेझ उतरवेल. मी म्हटलं, पाऊस तोंडावर आलाय, छप्पर शाकारायचंय. ती म्हणाली, छप्पर गेल्या वर्षीही गळत होतं. शेवटी मी खरं बोललो. म्हटलं, मी त्याच्या खोलीत गेलो तर तिथे बाटली असेल. मी त्याला उठवणार नाही, मीच त्याच्या शेजारी बसेन. तिने ते कार्ड सरळ करून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "पुस्तकात दोघांनी जावं असं आहे ना? मग मी येते. मी कधी प्यायले नाही, पण दारू मला तुमच्याइतकीच माहीत आहे."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

सेबॅस्टियन


होळी
रविवार, १७ मे

सौ. सावित्रीवहिनींस,

सप्रेम नमस्कार. हे कार्ड तुम्हालाच लिहितोय, त्याला दाखवू नका. क्लेमेंटीन आणि मी मंगळवारी निघतो, सुरतेला गाडी बदलून बुधवारी सकाळी पोचू. आमच्यासाठी काही करू नका. त्याने आम्हाला हाकलून दिलं तर स्टेशनवर बसू. मला त्याला काय सांगायचं ते माहीत नाही, आणि मी धीराचा माणूस नाही, हे आधीच कळवून ठेवतो. तुमची निराशा नको.

आपला,
सेबॅस्टियन


नंदुरबार
बुधवार, २० मे

नरहरी,

मी तुझ्या आतल्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसलोय. वहिनींनी कॅलेंडरचं पान फाडून दिलं, त्याच्या मागे लिहितोय. लिहून झालं की दाराखालून आत सरकवीन. हाका मारून काही होत नाही ते सकाळपासून पाहिलं. आपली सवय पत्रांची.

तू आत जागा आहेस. खाट वाजते, खोकला ऐकू येतो. वहिनी आणि क्लेमेंटीन स्वयंपाकघरात आहेत. दोघी पहिल्यांदाच भेटल्या आणि पाच मिनिटांत अशा बोलायला लागल्या, जणू एकाच शाळेत होत्या. एका अर्थी होत्याच.

देवळीत माझी पत्रं बघितली. एकही उघडलेलं नाही. म्हणजे तुला फ्लॉसीच्या लग्नाचं माहीत नाही, विहिरीचं माहीत नाही. थोडक्यात सांगतो. मामा म्हणून विहिरीचा वाटा द्यायला मला बाटली घेऊन पुढे चालावं लागलं. एक घोट माझा होता. मला बाटली सरळ करायची भीती वाटली, म्हणून मी सगळी विहिरीत ओतली. आमची गोडी विहीर, जिच्यावर आम्ही जगतो. गाव हसलं. आणि त्या दिवसापासून मी आपल्या दारच्या विहिरीचा घोट घेतलेला नाही. एवढा मोठा बाप्या, पाण्याला घाबरतो. हस. आत बसून हसलास तरी मला चालेल. तुझा आवाज येईल.

मला इथे बसायची भीती वाटतेय ते सांगतो. दाराच्या फटीतून वास येतोय. मोहाची आहे, आमच्याकडच्यापेक्षा वेगळी, गोडसर. मी दोनदा उठून ओट्यावर गेलो आणि दोनदा परत आलो. दुसऱ्यांदा परत येताना माझं मलाच कळलं नाही की मी तुझ्यासाठी परत येतोय की वासासाठी. तू दार उघडलंस आणि आत बाटली भरलेली असली, तर माझं काय होईल ते मी सांगू शकत नाही. तेव्हा मी काही सोडवणारा नाही. सोडवणारा हवा असेल तर मारुतीला बोलाव.

आणखी एक ऐक. क्लेमेंटीनने घरून निघताना प्रवासाला पाण्याची बाटली भरून घेतली. मी बघितलं नाही. सुरतेच्या फलाटावर तहान लागली म्हणून तिने पुढे केली तेव्हा ओळखलं. बाटली तीच, बॅप्टिस्टची, लग्नातली. माझ्या हातातून काढून घेतली होती ती तिने घासून, उन्हात वाळवून ठेवली होती. आणि आत पाणी आपल्या विहिरीचं. मी म्हटलं, हे मला प्यायला देतेस? ती म्हणाली, "मी सकाळपासून तेच पितेय." मी नाही प्यायलो. नळावर गेलो. पुढची रात्रभर ती बाटली पायांशी ठेवून आलोय. इथे वहिनींनी माठातलं पाणी दोनदा आणून दिलं, मी दोनदा परत पाठवलं. त्यांना वाटलं असेल, परक्या जातीचा माणूस, काही सोवळं असेल. तसं नाही, त्यांना सांग.

इस्पितळात तू मला म्हणाला होतास, मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आलोय. मला ते वाक्य कधी नीट कळलं नव्हतं. मला वाटायचं, मोठेपणा नको म्हणून तू तसं बोलतोस. आज इथे फरशीवर बसून कळलं. मीही तुझ्यासाठी नाही आलो रे. मला तहान लागलीय. तुझ्या या गावात ऊन असं आहे की जीभ टाळ्याला चिकटते, माझ्यापुढे बाटलीभर पाणी आहे आणि ते प्यायची मला भीती वाटते. ही भीती बॅप्टिस्टला सांगितली तर तो हसेल, फादरांना सांगितली तर ते जप देतील, क्लेमेंटीनला सांगितली तर ती समजून घेईल, पण तिला ती वाटणार नाही. ही भीती कळणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे आणि तो कडी लावून आत बसलाय.

बाटली मी उंबऱ्याला टेकवून ठेवलीय. दार आत उघडतं, सांडणार नाही.

आधी एक घोट तू घे, माझ्यासमोर. मग मी घेईन. तू नाही उठलास तर मी इथेच तहानलेला बसून राहणार, कारण हे पाणी मला एकट्याला पिता येत नाही.

कडी काढ, नरहरी. पाणी कोमट व्हायला लागलंय.

दाराच्या या बाजूला,
सेबॅस्टियन